हिरव्या पडद्याची आतली बाजू

मित्रांनो, मी एक पडदा आहे. जुना, हिरवा, जाड कापडाचा, जागोजागी दांडके बसवलेला. पडदा म्हटल्यावर तुम्हाला नाटक आठवलं असेल. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा मजा सुरू होते. मी उभा राहतो तेव्हा मजा थांबते. थोडाच वेळ थांबते. ती लवकर पुन्हा सुरू व्हावी म्हणूनच मला केलं आहे.

माझं काम आधीच सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे. तिथे थंडीच्या दिवसांत घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती होतात. घोड्याने नुसतं पळायचं नाही, पाठीवर माणूस घेऊन वाटेतले अडथळे ओलांडत पळायचं. एखादा घोडा अडथळ्यावर आपटला आणि उठला नाही, की दोन माणसं मला घेऊन धावतात आणि त्याच्याभोवती उभा करतात. घोड्यांचा डॉक्टर आत येतो. बाहेर लोक ब्रेडमधलं सॉसेज खात उभे असतात. त्यांच्या मुलांनी काही बघू नये, त्यांची दुपार नासू नये, म्हणून मी. घोड्यासाठी मी नाही. घोड्याचं काय घोडं अडलंय पडद्यावाचून!

माझा जन्म मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या एका शेडमध्ये झाला. तिथे बायका मोठाल्या मशिनांवर जाड कापड शिवतात. मला शिवणारी बाई शिवताना गुणगुणत होती. तिला वाटलं असणार, ट्रकचं झाकण शिवतेय. माझ्याच ताक्यातून कापलेला एक भाऊ आज एका शाळेत वाळूच्या खड्ड्यावर सावली धरून आहे. त्याच्याखाली मुलं किल्ले करतात. मला त्याचा हेवा वाटतो. लपवत नाही.

मला समुद्राजवळच्या एका गावात आणलं. गावाचं नाव सांगत नाही, सांगून तुम्ही काही करणार नाही. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पूर्वी म्हणे घोंगड्या धरायचे, वाऱ्याने उडायच्या, लोकांना सगळं दिसायचं. मी आल्यावर क्लबचे लोक म्हणाले, "काय झटपट उभा राहतो!" कुणाला कसला आवाज नाही, कुणाला कसला त्रास नाही. शर्यत संपली की माझी बाहेरची बाजू पाइपने धुवायचे. आतली बाजू कुणी कधी धुतली नाही.

आता आतली गोष्ट सांगतो. घाबरलात तरी ऐका.

पहिला घोडा माझ्या आत आला तो तपकिरी होता. पाय मोडला होता, डॉक्टरने सुई देऊन त्याला कायमचं झोपवलं. त्याने शेवटचा श्वास सोडला तो माझ्या कापडावर आला. श्वास सोडला की तो कुठेतरी जातो ना? पण मी चारी बाजूंनी बंद होतो. वाट मीच अडवली होती. तो श्वास माझ्यातच राहिला. मग काळी घोडी आली, तिचाही राहिला. मग आणखी आले. वर्षभर मी गवत कापायच्या मशिनशेजारी शेडमध्ये गुंडाळलेला पडून असतो. शेडला खिडकी नाही, वारा नाही. तरी मी हळूहळू फुगतो आणि हळूहळू बसतो. गवत कापणाऱ्या माणसाने एकदा माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलं मशीन दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तिथले लोक असल्या गोष्टी सांगत नाहीत, हवापाण्यावर बोलतात.

घोड्यांना मात्र कळतं. बहुतेक घोडे माझ्याजवळून सरळ जातात. पण मधूनच एखादा थांबतो. कान पुढे करतो. बुजत नाही, उधळत नाही. ओळखीच्यांकडे बघावं तसा बघतो, माझ्याकडे नाही, माझ्या मागे. असा थांबलेला घोडा पुढे कधीतरी माझ्या आत येतो. मी तरी याला अपवाद पाहिला नव्हता.

तर त्या वर्षीची जत्रा. मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस शर्यती. मंगळवारची शेवटची शर्यत झाली होती. मला त्या दिवशी उचलावंच लागलं नव्हतं, म्हणून गाड्या उभ्या करतात तिथल्या कुंपणाला उभा करून ठेवलं होतं. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. तेवढ्यात मराठी बोलत चार माणसं आली.

पुढे यतिन. मेलबर्नला एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो, डेटा म्हणतात त्याला. पुण्याहून तिकडे आलेल्या मित्रांना गोळा करून त्याने एका घोड्यात भागीदारी घेतली होती. तिथे तशी पद्धत आहे, दहा जण मिळून एक घोडा घेतात. घोड्याचं नाव यानेच ठेवलेलं, आगेकूच. माइकवरचा माणूस 'ॲगी कूच' म्हणायचा. यतिनबरोबर त्याची बायको चित्रलेखा, ती माणसांची डॉक्टर. त्याची धाकटी बहीण कादंबरी, ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आणि शिरीष, कॉलेजपासूनचा मित्र, तोंडाला कुलूप नसलेला. बाकीचे भागीदार घरी बसून फोनवर बघत होते.

"इथे मांडा रे डबे," चित्रलेखा म्हणाली. "हा बघा किती छान आडोसा आहे."

मला उचलणाऱ्यांपैकी एक म्हातारा तिथून चालला होता. यतिनने त्याला विचारलं, "मेट, वाऱ्यासाठी आहे ना हे? आम्ही जरा बसलो तर चालेल?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. "याह," तो म्हणाला, "समथिंग लाइक दॅट. नो वरीज." आणि झपझप निघून गेला.

हा सभ्यपणा! मित्रांनो, या सभ्यपणाइतकं दुष्ट मी काही पाहिलेलं नाही.

ती माझ्या आतल्या बाजूला बसली. जिवंत माणसं तिथे थालीपीठ खायला पहिल्यांदाच बसली होती. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून झेंडूची माळ आणली होती, घोड्याच्या गळ्यात घालायला. ट्रेनर डगने घालू दिली नव्हती, घोडा ती खाऊन टाकेल म्हणाला. चित्रलेखाने ती माझ्यावर बांधली.

"पडद्याला तोरण?" शिरीष हसला. "वहिनी, आत लग्न आहे का कुणाचं?"

"असू दे हो. हिरवा रंग शुभ. हिरवा चुडा, हिरवी साडी. हिरव्यासमोर फोटो पण छान येतो."

मला ओरडावंसं वाटलं. त्या लोकांना हिरवा म्हणजे सौभाग्य. क्लबवाल्यांनी हिरवा निवडला तो गवतात मिसळून जावा, लांबून डोळ्यात भरू नये म्हणून. पण पडद्याला तोंड नसतं.

मग यतिन फोन तोंडाशी धरून ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायला लागला. प्रत्येक जत्रेनंतर तो हे करायचा, घोड्यांचा हिशेब. कोण कसा पळाला, कोणात पुढे दम आहे, कोणाला सोडून द्यावं.

"ऐका. ग्रे पोस्टमन जिंकला, पण त्याला शर्यत सोपी मिळाली. पाठीवरचं वजन वाढलं की दमेल. फार अपेक्षा ठेवू नका. मिसेस डॅली चौथी आली, पण शेवटच्या वळणावर अडकली होती बिचारी. तिच्यावर लक्ष ठेवा. लाँग लंच उड्या सुंदर मारतो, मधल्या वेळात झोपतो—"

"म्हणजे आपला शिरीष," कादंबरी म्हणाली.

"मी उड्या पण नाही मारत," शिरीष तोंडात घास घेऊन म्हणाला.

"गप्प बसा रे, रेकॉर्ड होतंय! आणि आपला आगेकूच. दुसरा! शेवटी शेवटी वेग वाढवत होता. जेवढं अंतर जास्त तेवढा हा चांगला. डग म्हणतोय परवा गुरुवारी मोठ्या शर्यतीत उतरवू. भविष्य उज्ज्वल आहे, मंडळी." त्याने मेसेज पाठवला.

"परवा?" कादंबरीचा हात थांबला. "दादा, आज पळालाय तो."

"इथे चालतं गं तसं. डॉक्टरांनी तपासलंय. फिट आहे."

"शेवटच्या अडथळ्यावरून खाली आला तेव्हा त्याने मान एका बाजूला टाकली."

"रिप्ले बघतोय मघापासून. काही नाही."

"मी टेस्टर आहे दादा. खटकलं म्हणजे खटकलं. बग सापडला नाही म्हणजे बग नाही, असं नसतं."

"माझ्या शीटमध्ये खटकण्याला कॉलम नाही."

"झालं, भाऊबीज सुरू झाली," शिरीष म्हणाला.

"वहिनी, तू सांग ना याला."

चित्रलेखा चहा ओतत होती. "मी माणसांची डॉक्टर आहे बाई. माणसाला कुणी असं परवा परत पळवायचं म्हटलं असतं तर मी सर्टिफिकेट दिलं नसतं. पण घोड्यातलं मला काय कळतं?"

तेवढ्यात डग आगेकूचला धरून आला. सडपातळ, काळसर तपकिरी घोडा, अंगावर घोंगडी, नाकातून वाफा निघत होत्या. त्याला गाडीत चढवायला चालवलं होतं. "फोटो! फोटो!" सगळी उठली.

आगेकूच माझ्यासमोर आला आणि थांबला.

डगने ओढला, तो हलेना. त्याचे कान पुढे झाले. त्याने मान लांब केली आणि अगदी हलकं फुरफुरला, तबेल्यात शेजारच्या घोड्याला हाक मारावी तसा. माझ्या मागे तेव्हा तारेचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे मोकळं रान.

"कॅमेऱ्याकडे बघतोय बघ शहाणा!" यतिन म्हणाला.

"कॅमेऱ्याकडे नाही बघत तो," कादंबरी म्हणाली.

फोटो निघाला. कादंबरीने तो बघितला, मग मान वर करून मला बघितलं. फोटोत मी एका ठिकाणी फुगलेला होतो. पलीकडून कुणी भली मोठी मान टेकवावी तसा. वारा तर आता फिरून समोरून येत होता, वाऱ्याने मी मागे जायला हवा होतो. ती जवळ आली आणि त्या फुगवट्यावर तिने हात ठेवला. थंडीने तिची बोटं लाल झाली होती.

"हे गरम आहे," ती म्हणाली. "आणि ओलं."

"उन्हात होतं दिवसभर," शिरीष म्हणाला. दिवसभर ऊन नव्हतं.

"दादा, माझं ऐक. त्याला परवा नको पळवू. कारण नाही सांगता येत मला."

यतिन वाईट माणूस नाही हो. त्याच्या खिशात घोड्यासाठी गाजरं असायची. पण ज्या गोष्टीला कारण नाही ती गोष्ट नाही, असं तो शिकला होता, आणि चांगल्या कॉलेजात शिकला होता. "भागीदारी आहे, मतदान करू," तो म्हणाला. फोनवर ग्रुपला विचारलं. सगळ्यांचे अंगठे आले. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, घरात हीटर लावून बसलेल्या लोकांचे अंगठे. विरोधात एकटी कादंबरी.

गुरुवारी सकाळपासून समुद्रावरून धुकं आलं होतं. मोठी शर्यत गावाकडच्या रानांतून, रस्ता ओलांडून फिरून येते. मला दूरच्या एका अडथळ्यापाशी ठेवलं होतं. तिथून स्टँड दिसत नव्हता, फक्त माइकवरचा आवाज यायचा, जणू धुकंच बोलतंय. टापा ऐकू आल्या. धुक्यातून घोडे निघाले आणि एकामागून एक माझ्यासमोरच्या झुडपांच्या भिंतीवरून गेले. आगेकूच मध्ये होता. त्याने उडी चांगली घेतली. उतरताना मान एका बाजूला गेली, आणि तो कोसळला. जॉकी गडगडत लांब पडला आणि उठून बसला. घोडा उठला नाही.

म्हातारा आणि त्याचा जोडीदार मला घेऊन धावले. मी उभा राहिलो. झटपट. मला तेवढंच येतं.

आत आगेकूच कुशीवर पडला होता. डोळा उघडा. पोट हलत नव्हतं. घोड्यांची डॉक्टर गुडघ्यांवर बसून त्याच्या पायांवरून हात फिरवत होती.

मग माझी खालची कड उचलली गेली आणि चिखलाने माखलेली कादंबरी आत शिरली. ती जवळच्या रस्त्यावर उभी राहून बघत होती, कुंपणावरून चढून आली होती. म्हातारा म्हणाला, "यू कान्ट बी इन हिअर, लव्ह." मग त्याने तिला ओळखलं. आणि तो बाजूला झाला.

किती तरी वर्षं मी हे काम करतोय, मित्रांनो. ज्यांचा घोडा असतो ते आत आलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांना नंतर फोन जातो.

कादंबरी घोड्याच्या डोक्याशी बसली. समोरचा घोडा श्वास घेत नव्हता, आणि तरी तिला श्वास ऐकू येत होते. खूप. चारी बाजूंनी. तिने मान वळवली. मी सगळीकडून आत फुगलो होतो, एक गुडघा, एक खांदा, एक लांबडं कपाळ, कापडाखालून रेखलेलं. तिच्या पाठीला काहीतरी घासून पुढे गेलं, ओलं आणि ऊबदार.

"नेऊ नका त्याला," ती मराठीत म्हणाली. "प्लीज. नेऊ नका."

तिलाही तसंच वाटलं. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं, की आधी गेलेले घोडे न्यायला येतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. घोडी आपल्या नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला नाकाने ढुशा देते, बघितलंय कधी? ऊठ, ऊठ, पायांवर उभा राहा. ते तेच करत होते. ते त्याला उठवायला आले होते. दर वेळी ते उठवायलाच येत असणार. पाय मोडलेल्याला उठता येत नाही, एवढंच.

आगेकूचचा कान हलला. मग पोटात एकदम हवा शिरली, भाता ओढल्यासारखी. डॉक्टर म्हणाली, "विंडेड. दम कोंडला होता फक्त. पाय ठीक आहेत." तो धडपडला, पुढचे पाय टेकले, आणि थरथरत उभा राहिला. त्याच्या एका कुशीवर चिखल नव्हता तिथे केस उलटे फिरले होते, ओल्या नाकांनी ढोसल्यासारखे.

त्याचं डोकं माझ्या वरून दिसताच रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! कुणी म्हणालं, "वेल डन!"

गाडीने डग आला, मागे यतिन, चित्रलेखा, शिरीष. यतिनचा चेहरा पांढरा पडला होता. मला बघून तो जागच्या जागी थबकला. मी काय आहे ते आता त्याला कळलं. चित्रलेखाने तोंडावर हात ठेवला. डग मात्र हसत होता. "नुसता दम गेला होता, मेट! काही झालं नाही. उलट शहाणा होईल यातून. तीन आठवड्यांनी पुन्हा एक शर्यत आहे, त्यात चमकेल बघ."

यतिनने सुटकेचा श्वास सोडला. आणि सुटका झालेला माणूस काय करतो? तो फोन काढतो. "तसं बघितलं तर पडेपर्यंत चौथा होता," तो म्हणाला. "अंतर त्याला मानवतंच आहे. मी ग्रुपला विचारतो—"

"बाहेर नाही," आतून कादंबरी म्हणाली. "दादा, बाहेर उभं राहून नाही ठरवायचं. आत ये."

"कादंबरी, बाहेर ये तू आधी. सगळी चिखलाची झालीस—"

"तू आत ये. सगळे या. इथे उभं राहून सांग मला त्याचं भविष्य उज्ज्वल आहे म्हणून. मग मी काही बोलणार नाही. कधीच."

पहिली चित्रलेखा आली. आत आल्याबरोबर तिने श्वास रोखला, कारण तो मरणाचा वास ती ओळखत होती. मग शिरीष आला. शेवटी यतिन वाकून आत आला, हातात फोन तसाच. घोड्याच्या तोंडातून फेस गळत होता, गुडघे अजून लटपटत होते. यतिन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बोलायला तोंड उघडलं.

त्याच्या खांद्यांच्या मध्ये कुणीतरी हलकेच ढुशी दिली.

"थांब रे शिऱ्या," तो म्हणाला.

शिरीष त्याच्या समोर उभा होता. चित्रलेखा शिरीषशेजारी. कादंबरी घोड्याच्या मानेला धरून. यतिनने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. पुन्हा ढुशी आली, जरा जोरात. तो मागे वळला नाही. त्याची मानेवरची लव उभी राहिली होती, मला दिसत होती. त्याच्या मानेवर गरम हवा येत होती आणि त्याच्या चष्म्याच्या कडांवर वाफ धरत होती.

 त्याने फोन खिशात टाकला.

"डग," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला. "ही'ज डन. पळणं बास. आम्ही घेऊन जातो त्याला."

"अरे, चांगला घोडा आहे, मेट. कारण काय?"

"कारण नाही," यतिन म्हणाला. "नको."

ग्रुपवर भांडणं झाली, बाकीचे भागीदार चिडले, दोघांनी बोलणं सोडलं. यतिनने काय काय ऐकून घेतलं ते नंतर डग म्हाताऱ्याला सांगत होता तेव्हा मला कळलं. पण घोडा आज एका रानात चरतो आणि त्याच्यावर कुणी बसत नाही. ही एक गोष्ट नीट झाली. एकच. मला त्याच दुपारी पुन्हा उचलून दुसऱ्या अडथळ्यापाशी नेलं, कारण कार्यक्रमात पुढची शर्यत होती. आणि रात्री टीव्हीवर जाणकार मंडळी बसून सांगत असतील, कोण कसा पळाला, कोणावर लक्ष ठेवा.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी कुणाचं तरी भविष्य ठरवायची पाळी तुमच्यावर येईल. घोड्याचं नसेल, तुमच्या हाताखालच्या माणसाचं असेल, एखाद्या पोराचं असेल. तेव्हा लांबून अंगठे दाखवू नका. त्याच्या अंगाचा वास येईल इतकं जवळ जाऊन उभे राहा, त्याचे गुडघे लटपटताना बघा, आणि मग तोंडातून शब्द काढा. निघाला तर.

आणि एक. अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू सांगतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी तसलं काही मागत नाही. मला जपू नका. मला शिवून नीट करू नका, दांडके बदलू नका. मला त्या शेडमध्ये पडून कुजू द्या, इतकी वर्षं की मी कशासाठी होतो हेच कुणाला आठवू नये. मी फाटेन तेव्हा आत कोंडलेले सगळे श्वास बाहेर पडतील. त्यांना जाऊ द्या. वाट अडवू नका.